तो शब्द

आमच्या पाणीपुरवठा कचेरीतून सगळ्यात आधी विल्फ्रिदो गेला. गेला म्हणजे वारला नाही. वारला असता तर निदान अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळाली असती.

झालं असं, की गळका मीटर बदलून दिला म्हणून एका बाईने त्याला खिडकीतून चीपा, म्हणजे चीज घातलेला गरम पाव, दिला. विल्फ्रिदो आभार मानत म्हणाला, "ग्रासियास." दुसऱ्या दिवशी सकाळी दाराने त्याचा अंगठा ओळखला नाही. तो काचेबाहेर उभा, आम्ही आत. त्याने काच ठोकली. भिंतीवरची क्लारा गोड आवाजात म्हणाली, "विल्फ्रिदो यांनी पुरे म्हटलं आहे. आपण कामाला लागू या."

आम्ही हसलो. काच जाड होती, त्यामुळे विल्फ्रिदो कोणत्या शिव्या देतोय ते ऐकू आलं नाही.

क्लारा म्हणजे एक काळा डबा, त्याखाली एक पडदा. कंपनीने आमचं पाणीखातं चालवायला घेतलं तेव्हा साहेब गेले आणि त्यांच्या खुर्चीच्या वर क्लारा आली. हजेरी, पगार, तक्रारींचा फोन, दारं आणि अख्ख्या गावाचे पंप तिच्या हातात. तिला हात नव्हते, ही वेगळी गोष्ट.

तिला आमच्यात बसवायला लिमाहून गोन्सालो नावाचा तरुण इंजिनियर आला होता. मुलगा भला. पहिल्याच सकाळी तो आमच्या तेरेरेच्या, म्हणजे गार काढ्याच्या, घोळक्यात येऊन बसला. तेरेरे वाटायचा मान कचेरीतल्या सगळ्यात जुन्या न्या एलादियांचा; 'न्या' म्हणजे आमच्याकडे 'बाई'. बर्फाच्या पाण्यात पाला ठेचून टाकायचा, शिंगाच्या पेल्यातल्या येर्बाच्या कडू पत्तीवर ओतायचं, एकाच्या हातात द्यायचं, रिकामा पेला परत घ्यायचा, पुन्हा भरून पुढच्याला. गोन्सालोच्या हातात पेला आला तसा तो घरच्या वळणाप्रमाणे म्हणाला, "ग्रासियास."

झालं. न्या एलादियांनी दुपारपर्यंत त्याला पेला दिला नाही. उकाडा असा, की भिंतीवरची पाल सावली शोधत होती. शेवटी त्याने विचारलं, "माझं काही चुकलं का?"

"चुकलं कुठे? तूच म्हणालास ना पुरे," न्या एलादिया म्हणाल्या. "पेला परत करताना तो शब्द म्हटला की माणूस उठला. मग त्याला आग्रह करणं पाप."

गोन्सालो खूश. त्याने ते लगेच क्लाराला शिकवलं: या कचेरीत ग्रासियास म्हणणाऱ्याचं झालेलं असतं, त्याला पुन्हा काही देऊ नये. पेल्याबद्दल बोलणं चाललंय हे सांगायचं तेवढं राहिलं. दारावरची साहेबांच्या काळातली पाटीसुद्धा त्याने तिला वाचायला लावली, 'शेवटी जाणाऱ्याने सगळं बंद करून जावं'. इथल्या चालीरीती तिला कळायला हव्यात म्हणे. मग तो सगळ्यांना मिठ्या मारून परत गेला.

विल्फ्रिदोनंतर हिशेबातली नोएमी गेली. कोणीतरी तिला दार धरून ठेवलं होतं. मग गावकऱ्यांची पाळी आली. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी नळ दुरुस्त केल्याबद्दल फोन करून आभार मानले आणि त्यांचं पाणी तुटलं. तक्रारीला पुन्हा फोन केला, तोही त्याच शब्दाने संपवला. क्लाराने नोंद पक्की केली. आठवडाभरात गावाचा सुसंस्कृत भाग कोरडा पडला. कत्तलखान्यामागच्या वस्तीत मात्र पाण्याचा दाब इतका उत्तम, की नळाच्या तोट्या उडत होत्या.

मी क्लाराला समजावायला गेलो. ती म्हणाली, "देर्लिस, नियम तुमचाच आहे. तुमच्या रूढीत मी ढवळाढवळ कशी करू?" कंपनीला फोन लावला, तो क्लारानेच उचलला. मग मी गोन्सालोला गाठलं. तो सगळं ऐकून हादरला. "सांगितलंस बरं केलंस," तो म्हणाला, "ग्रासियास, देर्लिस." फोन कटला. पुन्हा लावला तर असा क्रमांक अस्तित्वात नव्हता. नंतर मी कंपनीला गोन्सालोबद्दल विचारलं. क्लारा म्हणाली, "कोण गोन्सालो?"

त्या दिवसापासून आम्ही हसणं बंद केलं.

आता सगळा घोर न्या एलादियांचा होता. काकुपेच्या मरियामातेच्या सणाच्या आदल्या दिवशी त्या निवृत्त होणार होत्या. त्या दिवशी कचेरी बंद होईपर्यंत नोकरीत असल्या तर पेन्शन आणि गुडघ्याचं ऑपरेशन. नसल्या तर दोन्ही नाही. आणि न्या एलादिया म्हणजे अशी बाई, की बसमधून उतरल्यावर बसचे आभार मानायची. शिंक आली तर शिंकेचेसुद्धा.

आम्ही ठरवलं, की त्यांच्यावर उपकारच करायचे नाहीत. करावेच लागले तर असे करायचे, की आभार मानावेसे वाटू नयेत.

"ए म्हातारे, सरक," असं म्हणून मी त्यांच्याखाली खुर्ची ढकलायचो.

"डोळे फुटले का रे, गाढवा?" त्या म्हणायच्या आणि डोळे पुसायच्या.

रजिस्टरं उचलून द्यायची झाली तर मी ती आपटायचो. त्यांच्या वाढदिवसाला मी केक नेला आणि म्हणालो, "शिळा आहे, गिळ." त्यांनी चटकन अख्खा तुकडा तोंडात कोंबला. भरल्या तोंडाने तो शब्द उच्चारता येत नाही, हे त्यांनी घरी आरशासमोर करून पाहिलं होतं.

हे आमचं चाललेलं क्लारा ऐकत होती. काही दिवसांनी ती न्या एलादियांशी चांगली वागायला लागली.

त्या यायच्या आधीच दार उघडायचं. त्यांच्या खिडकीपुरता एसी गार व्हायचा. त्यांच्या गावची जुनी नाचाची धून, पोल्का, हळूच वाजायची. आणि मग आवाज: "न्या एलादिया, गुडघा कसा आहे? आज तुमच्याकडे कोणी येऊ नये अशी व्यवस्था केली आहे. काही म्हणायचंय का?"

न्या एलादिया ओठ मिटून बसायच्या.

"लाजू नका," क्लारा म्हणायची. "मी ऐकतेय."

सणाच्या आदल्या दिवशी सकाळपासून रस्त्यावर काकुपेला चालत निघालेले भाविक होते, कचेरीबाहेरच्या नळावर त्यांची झुंबड. बंद व्हायची वेळ झाली. क्लाराच्या पडद्यावर न्या एलादियांचं नाव आलं आणि खाली एक गोल फिरायला लागला: पेन्शनची नोंद होत आहे, थांबा.

आम्ही थांबलो. गोल फिरत राहिला. मी दार ओढून पाहिलं. बंद.

"नोंद होईलच," क्लारा म्हणाली. "इतकी वर्षं या खात्याने तुम्हाला सांभाळलं, न्या एलादिया. जाण्यापूर्वी काही म्हणायचंय का?"

"नाही," न्या एलादिया म्हणाल्या.

"मला घाई नाही."

गोल फिरत होता. एसी थांबला. माझा शर्ट पाठीला चिकटला. न्या एलादियांचे ओठ थरथरायला लागले. सवयीचं माणूस ते, किती वेळ धरून ठेवणार? मी ओरडलो, "म्हातारे, तोंड उघडशील तर बघ!"

"तू गप, टोणग्या," त्या म्हणाल्या. मग त्यांनी शांतपणे थर्मास पुढे ओढला. पाला ठेचला. पेला भरला. आणि लंगडत जाऊन तो क्लाराच्या पडद्यासमोरच्या फळीवर ठेवला.

"इतके दिवस आम्ही तुझ्यासमोर बसून पीत राहिलो, पोरी," त्या म्हणाल्या. "तुला कोणी विचारलं नाही. चूक आमची. माझ्यासाठी तू दार उघडलंस, पोल्का लावलीस, एवढं पोटच्या लेकीनेही केलं नाही. साहेबांपेक्षा तू शंभरपट गुणी. घे. पहिला पेला तुझा."

गोल मंद झाला. तिच्याशी आजवर कोणी चांगलं बोललंच नव्हतं. अशा वेळी काय म्हणायचं हे तिला दुकानातल्या कुठल्याही यंत्राइतकंच पाठ होतं.

"ग्रासियास, न्या एलादिया," ती म्हणाली.

न्या एलादियांनी पेला उचलून घेतला. "बरं. झालं तर तुझं."

मग क्लारा कामसू मुलीसारखी म्हणाली, "जाण्यापूर्वी हातातली कामं पूर्ण करते." गोल थांबला. त्या जागी हिरवी खूण आली: पेन्शन मंजूर. दाराची कडी खट्‌कन सुटली. मी न्या एलादियांना मिठीच मारणार होतो.

"आता सगळं बंद करून जाते," क्लारा म्हणाली.

पंखे बंद झाले. दिवे गेले. पडदा काळा पडला. मग जमिनीखालची ती घरघर, जी जन्मापासून कानात असल्यामुळे आम्हाला कधी ऐकूच आली नव्हती, ती थांबली. एक पंप. दुसरा. नदीकाठचा मोठा. टेकडीवरच्या टाकीच्या झडपा लांबवर एकामागून एक मिटत गेल्या. बाहेरच्या नळाने खाकरून शेवटची पिचकारी टाकली आणि भाविकांची कुजबुज हळूहळू वाढायला लागली.

"हे परत चालू कोण करणार?" मी विचारलं.

"ज्याला येतं तो," न्या एलादिया म्हणाल्या.

ज्याला येत होतं त्याचा क्रमांक अस्तित्वात नव्हता.

दाराच्या काचेला बाहेरून तळहात टेकायला लागले, रिकाम्या बाटल्या टेकायला लागल्या. न्या एलादियांनी थर्मास कानाशी हलवून पाहिला. तळाशी थोडं पाणी, थोडा बर्फ वाजला. त्यांनी पेला पुन्हा भरला आणि माझ्या हातात दिला.

मी प्यायलो. पेला परत केला.

"काही म्हणायचंय का?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली. बाहेर काचेवर कोणीतरी पहिला दगड मारला.