सागवानी बैल

हिरामणनं धाकट्या भावाच्या छातीवर गुडघा रोवला आणि पंचफुलाबाईच्या हातातलं सूप सुटलं. ओसरीभर तूर सांडली. खाली पडलेला प्रफुल्ल हिरामणचं तोंड ओरबाडत होता. आणि पोटच्या दोन पोरांचं हे रामायण कशापायी? तर एका लाकडी बैलापायी!

तान्ह्या पोळ्याला पोरांनी ओढायचा, चाकांवरचा सागवानी बैल. तिच्या आजेसासऱ्यानं घडवलेला. कापसाच्या खोलीत वर्षानुवर्षं पडून होता, उंदरांशिवाय कोणी त्याला विचारलं नव्हतं. मग जुन्या वस्तू धुंडाळत फिरणारा नागपूरचा गजेंद्र सौसरहून पांढुर्ण्याला आला. कोरलेली झूल, शिंगांवरचं पितळ पाहून त्याचे डोळे लकाकले, पण तोंडानं म्हणाला, कीड लागलीय. मेला भारी पोचलेला. हिरामणला मंडीत गाठून सांगितलं, धाकटा बारा हजारांत द्यायला बसलाय. धाकट्याला सांगितलं, थोरला दहातच देतोय अन् पैसे एकटाच खाणार आहे. भाव पाडायची त्याची ही नेहमीची रीत. बाप गेल्यापासून वाटणीवरून दोघं धुमसतच होते, यानं नुसती काडी टाकली.

गोटमारीच्या जत्रेत दगडांनी फुटलेली डोकी पंचफुलाबाईनं जन्मभर पाहिली होती. तिथं फोडणारा अन् फुटलेला संध्याकाळी एकाच टपरीवर चहा पितात. हे तसलं नव्हतं. आज नाही तर उद्या यातला एक मरणार, हे तिला दिसत होतं.

प्रफुल्लनं हिसडा दिला, सौद्यासाठी ओसरीत आणून ठेवलेला बैल उचलला आणि भावाच्या कपाळावर हाणला. कातडी उघडली. हिरामणनं त्याचा गळा धरून डोकं खांबावर आपटलं, एकदा, पुन्हा एकदा. कडेला उभा राहून बघणारा गजेंद्र धावला. सोडवायला धावला असंच तिला वाटलं. त्यानं बैल उचलला, रुमालानं पितळेवरचं रक्त पुसलं आणि शिंग हलवून पाहिलं.

"शिंग ढिलं झालं काकू. आता नवाच्या वर नाही जमत."

पंचफुलाबाई आत गेली ती कुऱ्हाड घेऊनच आली. तिला पाहून हिरामणची पकड सुटली. तिनं गजेंद्रच्या हातातून बैल ओढला, उंबऱ्यावर टाकला आणि घाव घातला. मान तुटली.

"काकू, पंधरा देतो."

दुसरा घाव पाठीवर. वीस, पंचवीस, म्हणता म्हणता गडी चाळिसावर गेला. झूल उभी चिरली तेव्हा तो पन्नास म्हणाला, आणि मग विकत घेण्यासारखं काही उरलंच नाही. लेकांनी आपल्याकडे पाहिलेलं दिसताच तो गाडीत बसून सटकला.

"पन्नास हजार," हिरामण म्हणाला. आणि त्यानं आईच्या कानशिलात लगावली. ती खांबाला धडकली.

"बुढी पागल झाली, दादा," प्रफुल्ल म्हणाला. दोन वर्षांत त्यानं भावाला दादा म्हटलं नव्हतं.

हिरामणनं स्वतःचा दुपट्टा त्याच्या डोक्याला गुंडाळला. गाठ मारता मारता दोघं तिला एका सुरात शिव्या मोजू लागले. घर बुडवलं म्हणे, डायन म्हणे. तिचा ओठ फाटला होता, गाल जळत होता, आणि तिला फार बरं वाटत होतं.

"घाला शिव्या," ती म्हणाली. "पण अशाच मिळून घाला, बाप्पा."