उत्तर बाजूचे दहा सेंटिमीटर

विश्रांतवाडीत आळंदी रस्ता सोडून दोन गल्ल्या आत गेले की चार गृहसंकुलांच्या मधोमध एक दगडी बारव लागते. पायऱ्यांनी पाण्यापर्यंत उतरता येईल अशी ही चौकोनी विहीर जुन्या गाद्या, निर्माल्याच्या पिशव्या आणि एक बिनचाकांची रिक्षा पोटात घेऊन तीसेक वर्षे निमूट पडून होती. चार वर्षांपूर्वी राज्याच्या वारसा जतन कक्षाने तिला संरक्षित यादीत घेतले आणि तिची सगळी कुंडली मुख्य आरेखक सत्यशीला गायकवाड यांच्या हाती आली.

सत्यशीलाबाईंनी तंत्रनिकेतनातून आरेखनाची पदविका घेतली त्याला छत्तीस वर्षे झाली होती. येरवड्याच्या त्या कार्यालयात साहेब बदलत, टेबले बदलत, योजनांची नावे तर दर तीन वर्षांनी बदलत. बाईंचा आकडा मात्र बदलत नसे. कुणी माप विचारले की "बाईंनी घेतलंय का?" एवढेच विचारले जाई आणि उत्तर होकारार्थी असले की चर्चा संपे. निवृत्तीला आता चार दिवस उरले होते आणि बारवेची अंतिम तपासणी हे त्यांचे शेवटचे काम होते.

या कामाची रीत अशी होती की वास्तू राज्याने निवडायची, नकाशे राज्याने काढायचे, मान्यताप्राप्त यादीतले कारागीरही राज्यानेच नेमायचे. पण योजना केंद्राची. त्यामुळे काम संपले की केंद्राचा निरीक्षक येणार आणि दुरुस्तीआधीच्या नकाशाशी एकेक माप ताडून पाहणार. मापे जुळली तर लहान कामांना स्वतःच मंजुरी देण्याचा अधिकार राज्याच्या कार्यालयाकडे राहणार. नाही जुळली तर पुढची दोन वर्षे एका पायरीला चुना लावायचा झाला तरी कागद दिल्लीला जाणार.

बुधवारी सकाळी दहाला निरीक्षक सुखदेव राऊत आले. मूळचे चंद्रपूरकडचे, आवाज मऊ, चेहऱ्यावर कसलाही भाव नाही. हातात लेझरचे मोजयंत्र, काखेत टॅबलेट. त्यांच्या स्वागताला सत्यशीलाबाई, त्यांच्या मोजणीवरून दुरुस्तीआधीचे नकाशे काढणारा तरुण वास्तुविशारद रोहन आणि ज्यांनी आठ महिने खपून बारव उभी केली ते कचरू मिस्त्री, असे तिघे उभे होते. कचरू मिस्त्री लोहगावच्या पलीकडचे, साठीला टेकलेले, घरात चार पिढ्यांची छिन्नी. आज त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि त्यामुळे ते अवघडून उभे होते.

दक्षिण बाजूची बावीस मापे तंतोतंत जुळली. राऊतांनी "उत्तम" असे म्हटले आणि ते उत्तरेकडे वळले.

"पायरीची रुंदी. नकाशात तीन मीटर बेचाळीस," ते म्हणाले. यंत्राने लाल ठिपका टाकला. "प्रत्यक्षात तीन बत्तीस."

"सर, अँगल थोडा चुकला असेल," रोहन म्हणाला.

त्यांनी पुन्हा मोजले. तीन बत्तीस. मग दारावरची आडवी शिळा मोजली. नकाशात दोन सेहेचाळीस, प्रत्यक्षात दोन छत्तीस. मग भिंतीतला कोनाडा. नकाशात एकाहत्तर सेंटिमीटर, प्रत्यक्षात एकसष्ट.

तिसरा आकडा कानावर पडला आणि सत्यशीलाबाईंनी मनातल्या मनात तिन्ही वजाबाक्या केल्या: दहा, दहा, दहा. दगड झिजतो तेव्हा असा शिस्तीत झिजत नाही.

राऊतांनी टॅबलेट मिटला. "मिस्त्री, उत्तर बाजूचे दगड काढून पुन्हा बसवले होते ना?"

"व्हय साहेब. निखळले व्हते. नंबर घालून काढले, नंबरानं बसवले."

"बसवताना कडा तासल्या?"

कचरू मिस्त्रींनी आधी राऊतांकडे पाहिले, मग शिळेकडे. "साहेब, जुन्या दगडाला छिन्नी लावायची नाय, ह्ये मला माझ्या आज्यानं शिकवलंय. तुमच्या कागदात ते आता आलं."

"मी आरोप करत नाही. तफावत आहे, एवढंच सांगतो."

"मंग माझं बी ऐका. शिळा बारकी झाली तर म्हणता तासली. ठीक हाय. पन कोनाडा बी बारका झाला. कोनाडा म्हंजी भोक. तासलं तर भोक मोठं व्हईल का बारकं? आन् कोनाडा एका दगडात कोरलेला हाय, दाखवा सांधा कुठं असला तर. म्हंजी माझ्या एकाच छिन्नीनं हिकडं दगड घटला आन् तिकडं वाढला. असली छिन्नी असती तर मी हितं कशाला उन्हात उभा राहिलो असतो?"

रोहनला हसू आवरेना. राऊत वाकून कोनाड्याच्या कडा बोटाने चाचपू लागले. सांधा नव्हता.

"मुद्दा आहे," ते म्हणाले. "पण कारण कळत नाही. अशा वेळी मला 'कारागिरीबाबत शंका' असा शेरा द्यावा लागतो. काम पाडायला सांगणार नाही, पण शंका दूर होईपर्यंत मिस्त्रींचं नाव यादीतून बाजूला राहील. मी जेवून दोन वाजता परत येतो. तोवर काही सापडलं तर सांगा."

ते गेले. कचरू मिस्त्री पायरीवर बसले आणि त्यांनी सदऱ्याचे वरचे बटण सोडले. त्यांची पुढची दोन कामे, जुन्नरकडचे देऊळ आणि भोरचा नदीघाट, दोन्ही त्याच यादीवरून मिळायची होती.

"रोहन, गाडी काढा," त्या म्हणाल्या. "कार्यालयात जायचं आहे. माझी मोजणीवही पाहायची आहे."

स्कूटरवर मागे बसल्या बसल्याच त्यांना चार वर्षांपूर्वीचा तो दिवस आठवू लागला होता. कक्षाकडे तेव्हा लेझर नव्हते. एक पोलादी टेप होता, आणि त्याच्या टोकाची कडी तुटून पहिले काही सेंटिमीटर गेलेले होते. नवा टेप मागवला तर सात सह्या लागत. म्हणून आरेखकांची जुनी युक्ती वापरायची. टेपवरचा दहाचा आकडा दगडाच्या कडेला धरायचा आणि आलेल्या मापातून नंतर दहा वजा करायचे. ही युक्ती त्यांनी पंचवीसेक मुलामुलींना शिकवली होती, आणि सोबत एक दमही भरला होता, की वहीच्या प्रत्येक पानावर माथ्याशी तशी नोंद चौकटीत लिहायची, नाहीतर पान फाडून हातात देईन.

कपाटातून वही निघाली. चौदाव्या पानाच्या माथ्यावर, लाल शाईत, पट्टीने आखलेल्या चौकटीत लिहिले होते: टेप तुटका, मापे दहापासून. दक्षिण बाजू त्याच पानावर संपली होती आणि प्रत्येक मापापुढे वजाबाकी होती. पंधराव्या पानावर उत्तर बाजू सुरू होत होती. माथा कोरा. वजाबाकी नाही. सोळा, सतरा, तेच. पानभर अक्षर मात्र मोत्यासारखे.

रोहनने वाकून पाहिले. "ओह. मॅडम, म्हणजे..."

"म्हणजे मिस्त्री खरे आणि मी खोटी."

"मॅडम, असं करू या. फायनल ड्रॉइंग माझं आहे. मी सांगतो की डेटा एंटरी करताना माझ्याकडून मिस्टेक झाली. मी काँट्रॅक्टवरच आहे, मला काय फरक पडतो? तुमचा फेअरवेल परवावर आलाय."

"तुम्ही माझ्या हस्ताक्षरातला तक्ता पाहून नकाशा काढलात, आणि तो बरोबर काढलात. कंत्राटी माणसाच्या नावावर कायम कर्मचाऱ्याची चूक चढवण्याचा शासननिर्णय अजून निघालेला नाही. निघाला की कळवते."

तेवढ्यात कार्यालयप्रमुख आनंद भागवत आपल्या खोलीतून बाहेर आले. राऊतांनी त्यांना फोनवर सगळे सांगितले होते. वही त्यांनी चष्म्यावरून पाहिली आणि बराच वेळ मिशीवरून बोट फिरवले.

"बाई, बसा. हे मी पाहिलेलं नाही."

"आपण आत्ताच पाहिलंत."

"शंका ही शंका असते, बाई. पुरावा नाही. राऊत शेरा देतील, आपण खुलासा पाठवू, सहा महिन्यांनी शेरा निघेल. तुम्ही तोवर घरी नातवाला चित्रकला शिकवत असाल. पण मूळ मोजणीच चुकली म्हटलं, तर दिल्लीवाले आपल्या सगळ्याच मोजण्या उकरतील. मंजुरीचा अधिकार जाईल तो वेगळाच. आणि मी शुक्रवारच्या निरोपाच्या भाषणात 'बाईंचा आकडा' यावर पाऊण पान लिहून ठेवलंय."

"ते पाऊण पान वगळा, साहेब. भाषण तसंही लांब असतं."

भागवतांच्या ओठांचा कोपरा हलला. बाईंनी वही पिशवीत घातली.

"शेरा निघतो म्हणालात. या कार्यालयात छत्तीस वर्षांत शेरे चढताना मी पुष्कळ पाहिले. निघताना पाहायचं राहिलंच. आणि तो मिस्त्रींच्या नावापुढे चढणार आहे, माझ्या नव्हे. चूक माझी असताना त्यांनी सहा महिने घरी बसायचं, हे मला नकाशात बसवता येत नाही."

भागवतांनी खुंटीवरची टोपी काढली. "थांबा. मीही येतो. अधिकार जाणारच असेल, तर जाताना तरी पाहतो."

दोन वाजता बारवेवर राऊत हजर होते. सत्यशीलाबाईंनी वही उघडून त्यांच्यासमोर धरली आणि उभ्यानेच, शाळेत पाठ म्हणावा तसे सांगितले: टेप तुटका होता, चौदाव्या पानावर नोंद आहे, पंधराव्यापासून नाही, उत्तर बाजूच्या एकाही मापातून दहा वजा केलेले नाहीत, आणि मोजणी, वही व तक्ता हे तिन्ही त्यांचेच आहेत.

राऊतांनी पाने पुढेमागे केली. "बाई, राग मानू नका. पण तफावत दहाची आहे हे तुम्हाला सकाळीच कळलं होतं. कारण नंतर जुळवता येतं."

"आपण विचारावं हेच योग्य आहे," बाई म्हणाल्या. "सकाळी आपण उत्तरेची तीनच मापं घेतलीत. इथे एकूण एकोणीस आहेत. आपण कुठलंही निवडा. मी वहीतला आकडा वाचते आणि यंत्रात काय दिसेल ते आधी सांगते."

राऊतांनी जरा विचार करून सगळ्यात अडचणीचे माप निवडले. तळाशी, पाण्याच्या काठाला लागून असलेला चौथरा.

"वहीत एक मीटर सत्याऐंशी. यंत्रात एक सत्याहत्तर येईल."

राऊत खाली उतरले. कचरू मिस्त्री त्यांच्या मागोमाग, सदऱ्याची पर्वा न करता, घोटाभर पाण्यात उभे राहिले आणि त्यांनी चौथऱ्याच्या दुसऱ्या टोकाशी हाताचा पंजा आडवा धरला. लाल ठिपका मिस्त्रींच्या तळव्यावर थरथरला.

"एक सत्याहत्तर," राऊत वर न पाहताच म्हणाले.

"अजून घ्या की साहेब," कचरू म्हणाले. "आलोच हाय पान्यात तर."

मग उरलेली सगळीच मापे झाली. बाई वरून आकडा सांगत, मिस्त्री हात धरत, रोहन लिहून घेत आणि भागवत सावलीत उभे राहून प्रत्येक बरोबर आकड्याला मान डोलावत, जणू वजाबाकी त्यांनीच केली होती. एकोणीसच्या एकोणीस मापे दहाने उणी निघाली. शेजारच्या इमारतीतल्या दोन बायका गॅलरीतून ऐकत होत्या. त्यातली एक म्हणाली, "तंबोला आहे का हो?" भागवतांनी गंभीरपणे उत्तर दिले, "हो, केंद्र सरकारचा. तिकिटं संपली."

राऊत वर येऊन पायरीवर बसले. त्यांनी बूट झटकले आणि टॅबलेट उघडला. "आता अडचण अशी आहे की, तफावतीचं कारण मला यादीतून निवडावं लागतं. झीज, अतिक्रमण, अनधिकृत दुरुस्ती आणि मानवी हस्तक्षेप."

"बाई मानवी हस्तक्षेपात बसतात," भागवत म्हणाले.

"बसतात, पण त्यात पुढचा रकाना पोलीस ठाण्याचा येतो." राऊतांनी पडदा आणखी खाली सरकवला आणि ते थबकले. "हे पाहा. 'राज्य कार्यालयाने स्वतःहून निदर्शनास आणलेली त्रुटी.' सहा वर्षं झाली मला या कामाला, सतरा जिल्हे हिंडलो. हा रकाना मी एकदाही उघडला नव्हता."

"तो उघडल्यावर आमच्या अधिकाराचं काय होतं?" भागवतांनी सहज विचारल्यासारखे विचारले.

राऊतांनी नियम मोठ्याने वाचला. तपासणी अहवाल दाखल होण्यापूर्वी राज्याने त्रुटी स्वतः कळवून पुराव्यानिशी दुरुस्त केल्यास ती राज्याविरुद्ध धरली जाणार नाही. सुधारित नकाशा सात दिवसांत सादर करावा.

"सात कशाला," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "माझ्याकडे चार आहेत. परवा सकाळी मिळेल."

"मॅडम, मी आज रात्रीच बसतो," रोहन म्हणाला.

"बसा. पण वजाबाकी मी करणार."

राऊतांनी त्रुटी करणाऱ्याचे नाव विचारले. बाईंनी पूर्ण नाव, हुद्दा आणि पदविकेचे वर्षही सांगितले, जे कुणी विचारले नव्हते. लिहून झाल्यावर त्यांना वाटले होते तसे काही झाले नाही. हलके वाटले नाही की वाईटही नाही. फक्त नाव शुद्ध लिहिले गेले आहे ना, हे त्यांनी वाकून पाहिले.

"आन् माझ्या शंकेचं?" कचरू मिस्त्री ओल्या पायांनी पुढे सरकले.

"शेरा दिलाच नाही, मिस्त्री. उलट कारागिराच्या कामाबद्दल लिहायचं आहे. पूर्ण नाव सांगा."

"कचरू बाबूराव धोत्रे."

राऊत टंकत गेले आणि वाचत गेले. "कारागिराने एकही मूळ दगड न तासता उत्तर बाजू पूर्ववत केली आहे. मोजमापातील त्रुटी लक्षात येण्यापूर्वीच कारागिराने कोनाड्याच्या आधारे ती तर्काने दाखवून दिली."

कचरू मिस्त्रींनी शेवटचे वाक्य पुन्हा वाचायला सांगितले. राऊतांनी वाचले. मग मिस्त्रींनी वरच्या कट्ट्यावर डबा खात बसलेल्या आपल्या दोघा गड्यांना हाक मारून खाली बोलावले, त्यांना हात धुऊन यायला लावले, आणि ते समोर येऊन नीट उभे राहिल्यावर राऊतांकडे वळून म्हणाले, "साहेब, आता पयल्यापासून. आन् जरा दमानं."