ओळ वर सरकण्याआधी

पेन्सिल दातांत आडवी धरली की जीभ हलत नाही.

*

पत्रा कापताना कात्रीच्या पात्यांकडे बघायचं नसतं. नजर पुढे, आखलेल्या रेषेवर. पाती मागून आपसूक येतात.

*

लाँड्रीत आलेल्या एका कोटाच्या खिशात कवळी सापडली. वरची.

*

पडद्यावरची ओळ फार लवकर गेली तर माणूस चिडतो. फार वेळ राहिली तर तीच पुन्हा वाचतो आणि जास्त चिडतो.

*

सगळे हसून झाले. पाण्याचा जग टेबलाच्या या टोकाकडून त्या टोकाला गेला. मग तो हसला.

*

या शेवटच्यापासून सुरुवात करू.

उशिरा हसला तो पत्रेवाला. मोठ्या इमारतींच्या छताखाली थंड हवा वाहून नेणारे चौकोनी बोगदे असतात ना, ते तो पत्र्याचे बनवतो. चार वर्षांपूर्वी त्याला मेंदूज्वर झाला. जीव राहिला, दोन्ही कान गेले. यंत्र बसवून उपयोग नाही असं एका डॉक्टरने हळहळत सांगितलं, दुसऱ्याने घाईघाईत सांगितलं. बोलता त्याला येतं, फक्त स्वतःचा आवाज मोजता येत नाही. त्यामुळे घरात मीठ मागितलं तरी जिन्यापर्यंत कळतं.

लेकीने त्याच्या फोनमध्ये एक सोय टाकून दिली. समोरचा बोलतो, फोन लिहितो. जेवताना फोन पाण्याच्या जगाला टेकून उभा. ओळ खालून उगवते, वर सरकते, नाहीशी होते.

पत्रेवाला वाचायचा तो शब्दाला शब्द लावून, बोट पडद्याच्या कडेने फिरवत, ओठ हलवत. आयुष्यभर त्याने मापं वाचली होती. मापं वाचायला घाई करून चालत नाही. तो एका ओळीच्या मध्यावर असायचा तेव्हा टेबल तीन ओळी पुढे गेलेलं असायचं. त्यात जग कोणी उचलला की फोन पालथा.

तरी उशिरा हसण्याचं त्याला फार वाटत नव्हतं. वाटलं ते वेगळ्याचंच.

त्याची बायको लाँड्रीच्या काउंटरवर बसते. बोलायला लागली की तिला आवरणं कठीण. गिऱ्हाइकाची चाल, इस्त्रीवाल्याचा तोरा, कुणाच्या शर्टावर कसला डाग आणि तो डाग कसला *नाही* हे सांगण्याची त्या माणसाची धडपड, सगळं हातवारे करून. पत्रेवाल्याने लग्न केलं ते त्या बोलण्याशीच, असं त्याचे मित्र म्हणायचे. आणि एक दिवस त्याच्या लक्षात आलं की फोनवर तिच्या नावाने येतात त्या ओळी अशा:

जेवायला या.
गोळी घेतली?
उद्या पाणी नाही.

पाटी लावल्यासारख्या. त्याला झेपावं म्हणून ती आपलं बोलणं छाटत होती. उरलेलं बोलणं स्वयंपाकघरात व्हायचं, मायलेकींचं. फोन तिथे नसायचा. दारातून त्याला फक्त दोघींचे हलणारे खांदे दिसायचे.

त्याला ते छाटलेलं परत हवं होतं. तिने पहिल्यासारखं, भरधाव, त्याच्यासमोर बोलावं. आणि आपण मागे पडू नये. बस.

*

खालच्या मजल्यावर एक मुलगी राहते. सिनेमाच्या खाली जी अक्षरं येतात ती लिहिते. जिन्यात सगळे तिला सबटायटलवाली म्हणतात. ती घरीच काम करते, तिच्या मोठ्या पडद्यावर, आणि पत्रेवाल्याशी त्या पडद्यावरच बोलते. टाइप करून.

पहिल्या दिवशी तिने त्याला एक परिच्छेद वाचायला दिला, शेजारी बसून त्याचे डोळे बघितले, आणि लिहिलं:

"काका, तुम्ही वाचत नाही. प्रत्येक शब्दाच्या घरी जाऊन बसता."

"मग काय दारावरून जाऊ?" पत्रेवाला म्हणाला. समोरच्या घरातलं कुत्रं उठून बसलं.

"दारावरूनच. आळी बघायची. तीन-चार शब्द एका नजरेत. आणि हे बोट खिशात घाला."

मग ती मुका सिनेमा लावायची. ओळी तिच्याच, कितीदा कुठे तोडायच्या हेही तिच्या हातात. आधी ओळ भरपूर थांबायची, दोन-चार दिवसांनी जरा कमी. तो मागे पडला की ती थांबवायची, ओरडायची नाही. ओरडून उपयोगही नव्हता.

"ओठ हलतायत," तिने एकदा लिहिलं आणि पेन्सिल पुढे केली. "दातांत धरा. मनात मोठ्याने वाचणारा जो कोणी आहे त्याला गप्प करा. तो बोलण्याच्या वेगाने चालतो, तुम्हाला त्याच्यापुढे जायचंय. कोण आहे मनात?"

"कोणी नाही," तो पेन्सिलीतून म्हणाला.

खोटं होतं. मनात गर्दी होती. फोनवर लेकीची ओळ आली की ती त्याच्या डोक्यात लेकीच्या आवाजात उमटायची, बायकोची बायकोच्या. शब्द शब्द थांबून, ती जिथे श्वास घेते तिथे श्वास घेऊन. म्हणून तर उशीर व्हायचा. पण हे परक्या मुलीला काय सांगायचं? त्याने पेन्सिल घट्ट चावली आणि आवाज बंद केला. फी म्हणून तिच्या स्वयंपाकघरातला धूर बाहेर काढायला पत्र्याचा नळ बसवून दिला.

"शिकवणी लागलीय म्हणे," बायको म्हणाली. "गृहपाठ देतात का?"

हे त्याने एका नजरेत वाचलं.

*

आता वाचायला वेग आला म्हणून खूश होऊन तो टेबलावर बसला. बायकोला म्हणाला, सांग काहीतरी, लांबलचक. तिने लेकीकडे बघितलं आणि सुरू केलं.

तर आमचा इस्त्रीवाला
गिऱ्हाइकाचा सूट घालून आरशासमोर
एक हात खिशात असा
आणि दारात कोण तर सुटाचा मालक
हा आत पळायला गेला तर पँट लांब
पाय अडकला
आपटला तो फरशीवर
मनगटाची दोन हाडं
इस्त्री धरायची नाही म्हणाले तीन महिने
बिचाऱ्याचं घर कसं चालायचं

पत्रेवाला खदखदून हसला. सगळ्यांच्या आधी! हसताना त्याने दोघींकडे बघितलं. लेकीचा चमचा ताट आणि तोंड यांच्यामध्ये थांबला होता. बायको पाणी ओतत होती, आधीच भरलेल्या पेल्यात.

बाबा त्याचा हात मोडलाय

तो वाक्याच्या शेवटपर्यंत पोचला होता. फक्त रिकाम्या हातांनी. सूट, आरसा, पँट, एवढं उचललं होतं आणि बाकीच्यावरून डोळे नुसते घसरले होते. त्या रात्री पुन्हा पाट्या सुरू झाल्या. जेवण झालं? दिवा बंद करा.

सबटायटलवालीने ऐकून घेतलं.

"डोळे पोचले, तुम्ही नाही पोचलात. चूक माझी. आता प्रत्येक प्रसंगानंतर पडदा काळा करणार. कोणी काय केलं, का केलं, तुमच्या शब्दांत सांगायचं. चुकलं तर वेग वाढणार नाही."

हे जड गेलं. तो प्रसंग सांगायचा आणि ती मान हलवायची: नायकाने घर विकलं नाही, विकायचं *ठरवलं होतं*. बहीण रागावली नाही, घाबरली. दहा वेळा चुकल्यावर पत्रेवाल्याला स्वतःच एक गोष्ट दिसली. पत्र्यात सपाट भाग भरभर जातो. काम असतं ते घडीवर. तिथे हात हळू करायचा, नाहीतर सगळा तुकडा वाया. ओळींतही घड्या होत्या. *पण. तरी. नाहीतर. म्हणून.* कधी नुसतं एखादं *बिचाऱ्याचं*. तिथे मजकूर वळतो. सपाटीवर तो पळायला लागला, घडीवर पाय आवरायला लागला.

त्याने हे तिला सांगितलं तेव्हा तिने लिहिलं, "हे मी चोरणार."

पुढच्या आठवड्यात पडदा काळा झाल्यावर त्याने सांगितलेलं एकदाही चुकलं नाही.

*

कवळीचा दिवस.

बायकोने फोनकडे बघून सावकाश सुरुवात केली: आज. एक. गंमत.

"असं नको," तो म्हणाला. "हिला आत सांगतेस तसं सांग."

मागे राहाल

"राहिलो तर राहिलो."

मग तिने सांगितलं. कोट कसा आला, खिसा तपासताना हाताला काय लागलं, लाँड्रीच्या मालकाने ते कसं रुमालात धरलं, आणि संध्याकाळी कोटवाला तोंडावर हात धरून काउंटरवर कसा उभा राहिला आणि खुणेनेच विचारायला लागला. ओळी खालून उसळत होत्या. पत्रेवाला पळत होता, घडी आली की आवरत होता, पुन्हा पळत होता. लेक हसली त्याच क्षणी तो हसला. वर विचारलं, "वरचीच का? खालची कोणाच्या खिशात?"

बायकोला ठसका लागला. लेकीने तिच्या पाठीवर थोपटलं. ठसका ओसरल्यावर तिने नुसतं त्याच्याकडे बघितलं, आणि मग एकामागून एक लाँड्रीतलं चार वर्षांचं साठलेलं बाहेर काढलं. जेवण गार झालं.

ताटं विसळताना पत्रेवाल्याच्या लक्षात आलं की डोक्यात शांतता आहे.

त्याला सगळं माहीत होतं. कोणी, काय, का. पण सांगितलं कोणी? फोनने. ती "वरची" कशी म्हणाली असेल हे त्याने मनात आणायचा प्रयत्न केला. तीन अक्षरं आली. पांढऱ्यावर काळी. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा अक्षरंच. नळ चालू राहिला.

*

दुसऱ्या दिवशी त्याला सुट्टी होती. बायको लाँड्रीतून दुपारी आली तेव्हा तो गॅलरीत बसला होता. फोन मांडीवर, कालचं सगळं बोलणं त्यात होतंच, आणि त्याचं बोट एकेका शब्दावर. ओठ हलत होते.

ती समोर येऊन उभी राहिली. फोनने लिहिलं:

हे काय परत बोट
काल समजलं नव्हतं का
माझं मन राखायला हसलात

"समजलं होतं. सगळं."

मग

त्याने फोनकडेच बघत सांगितलं, त्याला वाटलं तेवढ्या हळू, म्हणजे शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल असं. "भरभर वाचलं की तू नसतेस. सगळं कळतं, पण बातमी कळावी तसं. हळू वाचलं की तूच बोलतेस. तुझ्या आवाजात. खालच्या मजल्यावरची म्हणाली मनातलं बंद करा, मी केलं. काल उघडायला गेलो तर उघडेना."

तिने हातातली पिशवी खाली ठेवली. मग:

आणि आज

"आज जरा आलीस. 'रुमालात' पासून."

ती त्याच्या शेजारी बसली. नंतर फोनवर आलं ते भरधाव आलं, त्याला झेपेल की नाही याचा विचार न करता:

पण कुठल्या आवाजात
घशाची गाठ काढली ना माझी
तेव्हापासून आवाज गेलाय माझा बसलाय कायमचा
भरडा झालाय अगदी
गॅसवाला फोनवर म्हणतो काका पत्ता सांगा

काकावर तो हसला, अगदी वेळेवर. मग दोन ओळी मागच्या घडीवर गेला.

"कायमचा?"

हो

"मला कोणी सांगितलं नाही."

तुम्हाला काय फरक पडणार होता
तसाही ऐकू येत नव्हता

यात टोमणा नव्हता. तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याला ते कळलं. तिने गुडघ्यावर साडीला पडलेली सुरकुती सरळ केली.

तुमच्याकडे जुना आहे ना

"आहे."

कसा आहे

पत्रेवाल्याला असलं बोलायची सवय नव्हती. "स्वच्छ आहे," तो म्हणाला. "शेवटाला वर जातो. रागावलीस की आधी खाली उतरतो, मग समोरच्याला वाटतं निवळलं, आणि तेवढ्यात सापडतो तो. हसायच्या आधी जरा अडतो."

हो तसाच होता

आणखी एक ओळ आली.

गंजू देऊ नका माझ्याकडे दुसरा नाही

*

सबटायटलवालीला त्याने शेवटी खरं सांगितलं. मनात कोण होतं ते. तिने चालू सिनेमा थांबवला. मग लिहिलं, "मी गप्प करायला सांगितलं होतं, काका. घराबाहेर काढायला नाही."

आता टेबलावर तो डोळ्यांनी पळतो. बायको तोंडाला लगाम घालत नाही, लेक मधेच बोलते, दोघींच्या ओळी एकमेकींत घुसतात, तरी त्याचं हसू जिथल्या तिथे पडतं. कधी चुकतंही. मग तो विचारतो, आणि सगळं पुन्हा सांगितलं जातं, वाढवून.

जेवण झाल्यावर त्यातला एक तुकडा तो निवडतो. गॅलरीत बसून बोट लावून वाचतो. बायको शेजारी बसते, बोलत नाही. त्याच्या ओठांकडे बघत असते. ओठांवरून तिला कळतं कुठलं वाक्य चाललंय. क्वचित ती त्याच्या गुडघ्यावर टिचकी मारते: इथे मी थांबले नव्हते. तो मागे जातो आणि न थांबता वाचतो.

*

कानांनी ऐकलेलं तिचं शेवटचं वाक्य, ताप चढण्याच्या आदल्या संध्याकाळचं, "गच्चीवरचे कपडे आणता का तेवढे?" असं होतं. तो "आणतो" म्हणाला आणि विसरला.