उजवा गाल

बत्तिसाव्या वर्षी मला मुरूम आले. ह्यांना तारुण्यपीटिका म्हणतात म्हणे! तारुण्य कधी आलं नि कधी गेलं, मला कळलंसुद्धा नाही. पीटिका मात्र घर शोधत आल्या, आणि त्याही फक्त उजव्या गालावर.

त्वचेच्या डॉक्टरांनी कारण लगेच ओळखलं. मी घरी बसून, वॉशिंग मशीन बिघडलेल्या लोकांच्या तक्रारी फोनवर ऐकते. हेडफोनची गादी दिवसभर त्याच गालाला घासते, वर घाम.

"गादी रोज पुसा. तोंड सौम्य फेसवॉशने धुवा, पण घासू नका. उन्हात जाताना सनस्क्रीन लावा, नाहीतर डाग काळे पडतील. आणि मुरूम फोडायचा नाही. फोडला की खड्डा राहतो. गालाला कुणी हात लावायचा नाही."

'कुणी' ऐकून मला हसूच आलं. माझ्या गालाला हात लावायला जशी काही रांग लागली होती! आई फोनवर "जेवलीस का?" विचारते, भाऊ "पुळे, कशी आहेस?" म्हणून चिडवतो, आणि दोघंही लांबच्या गावी. दिवसभर बोलून माझा घसा बसतो. संध्याकाळी हेडफोन काढला की घरात फक्त फ्रिजचा आवाज उरतो.

दवाखान्यातल्या सिस्टर आईच्या वयाच्या होत्या. आतल्या खोलीत मला झोपवून त्या गाल साफ करायच्या. "मान सैल सोडा हो, नुसतं लाकूड झालंय," असं म्हणत हनुवटी धरून तोंड वळवायच्या. पहिल्यांदा त्यांनी हनुवटी धरली तेव्हा माझे डोळे भरून आले. औषध झोंबलं, असं मी सांगितलं. कापूस तेव्हा नुसत्या पाण्याचा होता.

पुढे औषध लागू पडलं आणि तीच पंचाईत झाली. "गाल मस्त झालाय," डॉक्टर म्हणाले, "पुढच्या वेळी एकदा दाखवा, की सुटलात." मी खरं तर उड्या मारायला हव्या होत्या. पण घरी येऊन आरशासमोर उभी राहिले नि उरलेसुरले मुरूम मोजत राहिले.

त्या शेवटच्या भेटीच्या आदल्या दिवशी गालावर एकच मुरूम उरला होता. मरतुकडा, आपणहून जाणारा. तो मी नखाने फोडला. रक्त येईपर्यंत पिळला. खड्डा पडेल हे ठाऊक होतं. पडला तर पडू दे, पुन्हा जायला तरी मिळेल, म्हटलं. अक्कल गहाण टाकली होती मी.

दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी दिवा जवळ ओढला आणि बराच वेळ गालाकडे बघत राहिल्या.

"हा आपणहून फुटलेला नाही. नखाची खूण आहे."

"झोपेत लागलं असेल."

"झोपेत माणूस इतकं मन लावून काम करत नाही."

माझ्या तोंडातून निघूनच गेलं, "आज शेवटचा दिवस होता ना माझा."

त्यांनी जखम पुसली, मलम लावलं, वर छोटी पट्टी चिकटवली.

"खड्डा पडेल का हो?" मला आता खरंच भीती वाटायला लागली होती.

"पुन्हा हात लावला नाहीत तर बहुतेक नाही." त्यांनी खणातून नेलकटर काढलं. "हात द्या इकडे."

लहान मुलांची कापतात तशी एकेक बोट धरून त्यांनी माझ्या एका हाताची नखं कापली, अगदी कडेपर्यंत. मी रडत होते. आता औषध झोंबलं म्हणायचीही सोय नव्हती.

"नखं काय, पुन्हा वाढणारच," त्या मान वर न करता म्हणाल्या. "दुपारी मी मोकळी असते. वाढली की माझ्याकडे यायचं. गाल मात्र शाबूत आणायचा. कळलं का गं?"

मी मान हलवली.

"मग दे, दुसरा हात दे."