अकरा हात ताणा आणि शुक्रवार

दोन विटा.

झेंडूची पाटी.

‘जमिनीत रोवलेले सर्व.’

अकरा हात सूत.

अंगठ्याला लागलेली माती.

मी एक जुना हातमाग आहे, मित्रांनो. वरच्या पाच गोष्टी एकमेकींच्या कोणी लागत नाहीत असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटायचं. पण सिंहस्थाच्या साली, एकाच आठवड्यात, त्या सगळ्या माझ्याभोवती गोळा झाल्या.

माझं लाकूड पेठच्या डोंगरातलं, सागाचं. नाशिकच्या कथड्यात एका मातीच्या घरात माझे चार खांब कमरेइतके जमिनीत पुरले आणि मधे खड्डा खणला. विणणारा काठावर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि खालच्या पावड्या दाबतो. मी किती लुगडी विणली ते मला ठाऊक नाही. बाजारात बायका काठावरून बोट फिरवून म्हणायच्या, "हे कथड्याचं दिसतंय." मला तेवढं पुरत असे.

पुढे सूत देणारा व्यापारी मालेगावला गेला. माझा विणकर इसाक महिनामहिना रिकामा बसू लागला. माझ्यावर ओले कपडे वाळत, कोंबडी झोपे. एक दिवस व्यापाऱ्याने शेवटचं थोडं सूत पाठवलं आणि बरोबर निरोप: एवढं लुगडं पुरं कर आणि एक तारखेच्या आत माग घेऊन इकडे ये. नुसते हात घेऊन आलास, तर दुसऱ्याच्या मागावर मजुरी करावी लागेल.

म्हणून घर विकायला निघालं.

शनिवारी मखमलाबादचा माळी सावळीराम घर बघायला आला. यात्रा तोंडावर आली होती आणि त्याला घाटाजवळ फुलांचं दुकान घालायचं होतं. त्याने छप्पर बघितलं नाही, भिंत ठोकली नाही. सरळ माझ्यापाशी आला, काठावर बसला, खड्ड्यात कोपरापर्यंत हात घातला आणि माझ्या खांबावर थाप मारली.

"हे असंच राहू द्या, इसाकभाई," तो म्हणाला. "आन् शुक्रवारी दुपारच्या आत कागद झाला पायजे. नायतर भद्रकालीत दुसरं घर बघून ठेवलंय मी."

इसाक हो म्हणून बसला. हातात सहा दिवस. तो गाडीवाल्याकडे धावला, मालेगावात खोली बघून आला, जुनी कागदपत्रं शोधत पेट्या उपसत राहिला. "माग काय, शेवटी काढू," असं तो आईला दोनदा म्हणाला. मी ऐकत होतो.

बुधवारी दस्त लिहिणारा घरी आला आणि मजकूर वाचून दाखवू लागला. चतुःसीमा झाल्या. मग तो म्हणाला, "घर, अंगण, आणि जमिनीत रोवलेले सर्व."

इसाकची आई गुलजारबी सूत गुंडाळत होती. तिचा हात थांबला. "भाऊ, रोवलेलं म्हणजे काय काय?"

"खांब, खुंट्या, चौकटी. शुक्रवारी सही होताना जे जमिनीत असेल ते घराबरोबर गेलं. जे मोकळं असेल ते तुमचं."

"तेवढे शब्द काढून टाका."

"स्टँप कागदावर लिहून झालंय, चाची. नवा कागद म्हणजे पुढला आठवडा."

तो गेला. मायलेक माझ्याकडे बघत राहिले.

"आत्ताच उपटतो," इसाक म्हणाला.

"आणि ताण्यावरचं अर्धं लुगडं? ते कापलंस तर मालेगावच्या शेठला काय दाखवशील, चिंध्या?"

"मग काय करू, अम्मा?"

"सावळीरामला विचार."

"विचारलं आणि तो बिथरला तर? ‘असंच राहू द्या’ म्हणालाय. तुझ्यासमोर म्हणालाय."

गुलजारबीने विणायचा उरलेला ताणा हाताने मोजला.

अकरा हात.

इसाक बसला तो उठेना. मी इतका जोरात कधी चाललो नव्हतो. धोटा एका बाजूने दुसऱ्या बाजूला जाऊन आदळत होता. गुलजारबी कांड्या भरून देत होती, तुटलेला धागा थुंकी लावून सांधत होती. मला वाटत होतं, मी जितका लवकर विणेन तितका लवकर सुटेन. मला हेही वाटत होतं, की उपटलेलं काही पुन्हा नीट उभं राहतं का?

सात हात.

गुरुवारी दुपारी त्याने फणी इतकी जोरात मारली की वीतभर रुंदीचा ताणा तटकन तुटला.

"घराचा राग सुतावर काढतोस?" गुलजारबी म्हणाली. "सरक बाजूला."

एकेक धागा सांधण्यात उरलेला दिवस गेला. अंधार पडला तेव्हा उरला होता दीड हात.

शुक्रवारी नऊ वाजता लुगडं पुरं होऊन माझ्यावरून उतरलं. गुलजारबीने त्याची घडी केली. इसाक तोवर पहार घेऊन पहिल्या खांबाला भिडला होता. जमीन दगडासारखी घट्ट. त्याने खांद्याने रेटलं, पहार आत घालून ओढलं, आणि माझा खांब मातीखालीच मोडला. मला दुखलं म्हणावं तर लाकडाला तसं दुखत नाही. पण कडकन झालेला तो आवाज माझा होता.

त्याच वेळी दारात सावळीराम उभा. डोक्यावर झेंडूची पाटी.

"हे काय चाललंय, इसाकभाई? माझं घर मोडता का?"

"अजून तुमचं झालेलं नाही."

"मला बोलू दे," गुलजारबी पुढे आली. "कागदात रोवलेलं सगळं तुमचं लिहिलंय. हा माग गेला तर माझा मुलगा दुसऱ्याच्या हाताखाली राबेल. म्हणून काढतोय. आता जायचं तर जा भद्रकालीत."

सावळीरामने पाटी खाली ठेवली. "मला माग काय करायचा, चाची? लुगडं विणून फुलांना नेसवू?"

"मग ‘असंच राहू द्या’ का म्हणालात?"

"खड्डा! खड्डा राहू द्या म्हनलो. हात घालून बघितला ना, कसा गार हाय. खाली ओलं पोतं टाकलं की माझी फुलं दोन दिस मरायची नायत. तुमी जाताना बुजवाल म्हनून लय धाकधूक होती."

कोणी हसलं नाही. वेळच नव्हता. दहा वाजून गेले होते.

"अन् झाड कोरडं उपटतंय का कोनी?" सावळीराम म्हणाला. "पानी आना."

हंडाभर पाणी खांबांच्या बुडाशी ओतलं. थांबले. मग दोघांनी मला चारी अंगांनी हळूहळू हलवलं, जणू दाताचं मूळ. दुसरा, तिसरा, चौथा खांब अख्खा बाहेर आला. गुलजारबी खड्ड्यात उतरली आणि पावड्यांखालच्या दोन विटा उचलू लागली.

"त्या राहू द्या ना, चाची. पाट्या टेकवायला होतील."

तिने विटा थोडा वेळ हातात धरल्या आणि होत्या तिथे परत ठेवल्या.

इसाक तसाच कचेरीकडे पळाला. अंगठा उठवताना त्याला लागलेली माती शाईत मिसळली, म्हणून दस्तवाला चिडला, असं मला नंतर कळलं. पण अंगठा दुपारच्या आत उठला.

आता मी मालेगावात आहे. तीन खांब सागाचे, चौथा बाभळीचा. त्या अंगाने मी अजून कुरकुरतो. मित्रांनो, घर सोडायची तारीख देण्याआधी घरातून एक फेरी मारा. जे जमिनीत खोल रुतलंय, त्याला आधी हात लावा आणि पाणी घाला. आणि समोरच्याला काय हवंय ते त्याच्या तोंडून ऐका. ते ऐकलं असतं तर माझा एक खांब कथड्याच्या मातीत राहिला नसता.

गुलजारबी लग्न होऊन त्या घरात आली तेव्हा तिचे पाय पावड्यांना पोचत नव्हते, म्हणून सासऱ्याने पावड्यांखाली दोन विटा ठेवल्या होत्या.