खोली नंबर सात

साल चौऱ्याण्णव. बारामतीच्या एका कॉलेजात वाघमोडे सरांनी एक योजना काढली. तिसऱ्या वर्षाच्या प्रत्येकानं पहिल्या वर्षाचं एकेक पोर सांभाळायचं. भवानीनगरच्या उत्कर्षाच्या वाट्याला पळसदेवची सिंधू आली.

उत्कर्षाचं तोंड एकदा सुरू झालं की थांबायचं नाव नाही. मेस, वसतिगृह, कोणते सर खडूस, कुणाच्या तासाला डुलकी चालते, सगळं तिनं दहा मिनिटांत सांगून टाकलं. "कळलं का?" सिंधू म्हणाली, "व्हय." पुढं जिन्यात भेटली की उत्कर्षा विचारायची, "सगळं ठीक?" पुन्हा "व्हय." झालं की! सांभाळणं म्हणजे आणखी काय असतं? मोठी शहाणीच होती उत्कर्षा.

महिन्यानं हजेरीची यादी लागली. बी.कॉम.च्या वर्गात सिंधू पहिल्या, म्हणजे इंग्रजीच्या तासाला रोज हजर आणि बाकी सगळ्या विषयांना शून्य. घरी पत्र गेलं आणि तिसऱ्या दिवशी तिचे वडील तात्याबा सकाळच्या एसटीनं येऊन सरांच्या टेबलापुढं उभे राहिले. सिंधूबरोबर उत्कर्षालाही बोलावणं आलं.

"मेंढरं इकून पोरांना शाळंत घातलं आमी," तात्याबा म्हणाले. "तास बुडवून हिंडत आसंल तर आत्ता घेऊन जातो. सामान बांध म्हणावं."

सिंधूची मान खाली. "मी कुटंबी हिंडले न्हाय, तात्या. रोज दिसभर सात नंबरातच हुते."

अगं बाई! उत्कर्षाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गावच्या शाळेत पोरं जागेवर बसतात, मास्तर बदलतात. कॉलेजात पोरांनीच उठून दुसऱ्या खोलीत जायचं असतं. जगातली सगळी माहिती दिली होती तिनं, तेवढी सोडून. सात नंबरच्या खोलीतला पहिला तास संपला की बी.कॉम.ची पोरं उठून जायची, आणि सिंधूला वाटायचं, मेली तास बुडवायला निघाली! मग त्या खोलीत दिवसभर बी.ए.चे इतिहासाचे तास चालायचे, एका वर्गाची पोरं गेली की दुसऱ्याची यायची. त्यांच्यात ही.

"अगं, हजेरीत तुझं नाव येत नव्हतं ना?" सरांनाही घोळ उमगला होता; त्यांनी हसू दाबत विचारलं.

"वाटलं, नवीन हाय, यील हळूहळू."

उत्कर्षाला मात्र हसू येईना. "सर, चूक माझी आहे. मी नुसती बोलत राहिले. एकदासुद्धा हिच्या वर्गापर्यंत गेले नाही."

तात्याबांनी तिला निरखलं. "तू कोन गं?"

"हिला सांभाळायला नेमलेली."

"मग सांभाळलंस कुनाला?"

शब्द काळजाला लागला. उत्कर्षाचे डोळे भरून आले.

सरांनी सिंधूची वही मागून घेतली. इतिहास, पानंच्या पानं, एकही तास न चुकवता लिहिलेला. तात्याबांना वाचता येत नव्हतं, तरी ते एकेक पान उलटत राहिले.

"समदं हिनंच लिवलं?"

"हिनंच. बी.ए.च्या पोरांनीसुद्धा एवढं लिहिलेलं नाही."

"मग बुडवलं न्हाय म्हना." तात्याबांनी टोपी सारखी केली. "ऱ्हाऊ द्या हितंच."

उत्कर्षाचा जीव भांड्यात पडला आणि लगेच तोंड सुटलं. "मी उद्यापासून हिला हाताला धरून बी.कॉम.च्या प्रत्येक वर्गात नेते, राहिलेला अभ्यासही..." मध्येच तिनं जीभ चावली. सिंधूचा चेहरा पार उतरला होता. महिनाभरात आज पहिल्यांदाच उत्कर्षानं तो नीट पाहिला.

"सिंधू, तुला काय हवंय?" तिनं विचारलं, आणि गप्प राहिली. सोपं नव्हतं ते तिला.

"मला इतिहास शिकायचाय," सिंधू म्हणाली. "बी.कॉम.चा फारम चुलत्यानं भरला हुता. मला कुनी इचारलंच न्हाय."

तात्याबांनी सरांकडं पाहिलं. सर म्हणाले, "शाखा बदलायला शनिवारपर्यंत मुदत आहे."

"मग तिच्या मनाचं करा," तात्याबा म्हणाले.

अर्ज सिंधूनं स्वतःच्या हातानं लिहिला. उत्कर्षा शेजारी बसून राहिली, विचारल्याशिवाय एक शब्द बोलली नाही, आणि तिला फार बरं वाटत होतं.