मधल्या ओळीतली बाग

असोद्याच्या लीलाधर चौधरींना केळीच्या रोपांच्या जाहिराती दाखवून काही उपयोग नसे. नर्सरीवाल्याने कितीही चकचकीत फोटो पुढे केले तरी ते एवढंच म्हणत, "गेल्या वर्षी कोनाच्या वावरात लावली, ते दाखव." आणि बाग दाखवली, तरी ते रस्त्यावरून बघून परतत नसत. कडेच्या झाडांना ऊन मिळतं, ती सगळ्यांचीच बरी येतात. खरी बाग मधल्या ओळीत शिरल्यावर कळते.

त्यामुळे त्यांच्या मुलीने, भाविकाने, धुळ्याच्या एका कोर्सचा विषय काढला, तेव्हा त्यांनी नाही म्हटलं नाही. पदवी झाल्यावर ही पोरगी दोन वर्षं जळगावला एका फौजदारी वकिलांकडे टायपिंग करत होती. जबाब, पंचनामे, जामिनाचे अर्ज टाइप करता करता तिला त्यातच गोडी लागली. गुन्हे तपास आणि न्यायव्यवस्था, एका वर्षाचं सर्टिफिकेट. फी आणि धुळ्यातलं खोलीभाडं धरलं की केळीच्या एका कटाईचे पैसे संपणार होते. शिवाय वकिलांकडची जागा सोडावी लागणार, आणि सोमवारपर्यंत काय ते सांग, असं वकिलांनी बजावलं होतं. लीलाधर म्हणाले, "त्यायले इचार, लावलेली बाग कुठी हाये?"

कोर्स चालवणाऱ्या संस्थेने लगेच पत्ता दिला. पारोळ्याची भूमिका, मागच्या वर्षीची विद्यार्थिनी, आता चांगल्या नोकरीत. रविवारी बापलेक पारोळ्याला उतरले, तेव्हा लीलाधर मनातून निर्धास्त होते. बाग खराब निघणार, पोरगी आपणहून गप्प बसणार आणि वाईटपणा आपल्याकडे येणार नाही, असा त्यांचा सरळ हिशोब होता.

पण भूमिका चांगली निघाली. इस्त्रीचा ड्रेस, भिंतीवर फ्रेम केलेलं सर्टिफिकेट, बोलणं घडाघडा. धुळ्याला एका मोठ्या कंपनीत सुरक्षा आणि तपासाचं काम आहे, म्हणाली. कोर्स संपायच्या आतच बोलावणं आलं. भाविकाचे डोळे असे लकाकले की लीलाधरांना कसंसंच झालं. आता नाही म्हणायला तोंड कुठे राहिलं?

चहा झाला. पाणी प्यायचं निमित्त करून ते उठले आणि सवयीने मागच्या दाराकडे गेले. तिथे भूमिकाची आजी, भिकुबाई, शेंगा फोडत बसली होती.

"अक्का, नात धुळ्याला रोज जाऊन येऊन करते का?" लीलाधरांनी विचारलं.

"कसानं धुळं!" म्हातारी म्हणाली. "दिवसभर घरमाच राहस. त्या संस्थाना फोन ऊना, का नवा ड्रेस घाली बसस."

दारात भूमिका उभी होती, तिच्यामागे भाविका. भूमिका तिथेच खाली बसली. "दोन महिने एका मॉलच्या गेटवर बॅगा तपासल्या, काका. तिथे बारावी झालेल्या मुलीही होत्या, पगार सगळ्यांना सारखाच. सर्टिफिकेट कुणी बघितलंसुद्धा नाही." मग भाविकाकडे न बघता म्हणाली, "एक मुलगी आणली की संस्था मला थोडे पैसे देते. मलाही अशाच एका ताईकडे नेलं होतं."

लीलाधरांना तिचा राग यायला हवा होता. आला नाही. ठकवली गेलेलीच पुढच्याला ठकवत होती. त्यांनी फक्त हात जोडले आणि निघाले.

स्टँडवर भाविका बाकावर बसून रडली. आवाज न करता, ओढणीने पुन्हा पुन्हा नाक पुसत. लीलाधरांच्या मनासारखंच झालं होतं सगळं, आणि त्याचा आनंद काही केल्या होईना. पोरीला खड्ड्यातून वाचवलं असं ते स्वतःला सांगत होते. पण तो खड्डाच निघावा म्हणून आपण देव पाण्यात घालून बसलो होतो, हेही त्यांना ठाऊक होतं. त्याची लाज वाटली.

"भाविका, रोप खराब निघालं म्हनून आपन केळी लावनं सोडलं का कधी?" ते म्हणाले. "दुसरी नर्सरी सांग."

तिने मान वर केली. "वकिलीचं कॉलेज आहे. जळगावातच. वर्ग सकाळी असतात, नोकरी राहील. पण तीन वर्षं लागतील, आबा."

तीन वर्षं! आता पुढे काही विचारू नये असं वाटत असूनही लीलाधरांची सवय सुटेना. "तिथली लावलेली बाग कुठी हाये?"

"आमचे वकीलसाहेब तिथलेच. आपल्या बांधाचा दावा ज्यांनी लढवला ते कुलकर्णी वकीलही तिथलेच."

"ते कडेचे झाले," लीलाधर म्हणाले. "मधल्या ओळीत कोन शिरलंय?"

"मी," भाविका म्हणाली. "साहेबांच्या ऑफिसात दोन वर्षं त्या मधल्या ओळीतच बसते आहे. कुणाची वकिली चालते, कुणाची नाही, कोण उपाशी मरतं, सगळं बघितलंय. तरी जायचंय."

जळगावची गाडी लागली. "त्या कॉलेजचा फॉर्म कधी भेटतो ते इचार," म्हणत लीलाधर आधी चढले आणि खिडकीची जागा तिच्यासाठी धरून ठेवली.